पावसात, वाऱ्यात मॅरेथॉन पळताय? मग हे वाचाच
आधी एक सांगते, पाऊस आणि समोरून वारा असेल तर टायमिंगचं टार्गेट त्या दिवशी सोडून द्या, २०१८ च्या बॉस्टन मॅरेथॉनला असंच हवामान होतं आणि पुरुषांत पहिल्या आलेल्या युकी कावाउचीलासुद्धा २ तास १५ मिनिटं ५८ सेकंद लागले होते, तेव्हा आपण घड्याळाकडे बघण्यापेक्षा दम किती लागतोय ते बघून पळायचं.

कॉटनचा टीशर्ट अजिबात नको, भिजला की जड होतो आणि घासून घासून कातडी सोलवटते. काखेत, मांड्यांना, पायाच्या बोटांमध्ये पेट्रोलियम जेली भरपूर लावा, कंजुषी करू नका. पुढे छज्जा असलेली टोपी घाला म्हणजे डोळ्यात पाणी जात नाही. स्टार्टला उभं असताना मोठी प्लास्टिकची पिशवी डोकं-हात बाहेर काढून घालायची, अंग गरम झालं की काढून कचऱ्याच्या डब्यात टाकायची. वारा असेल तर चार-पाच जणांच्या घोळक्यामागे राहा, खूप फरक पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिनिशनंतर लगेच ओले कपडे बदला, थांबलं की अंग झपाट्याने गार पडतं. कुडकुडणं थांबतच नसेल, बोलताना जीभ अडखळत असेल तर सरळ मेडिकल टेंट गाठा!