खान्देशातून दोन दिवसांची मुंबई

मुंबई दोन दिवसांत बघून होत नाही. सगळं उरकायला निघालेल्यांचा निम्मा वेळ लोकलच्या गर्दीत आणि सिग्नलवर जातो. म्हणून जुहू, बोरिवली, फिल्मसिटी या खेपेला सोडा आणि गेटवे ऑफ इंडिया ते दादर एवढाच पट्टा धरा. लहानपणापासून नाव ऐकलेली बहुतेक ठिकाणं याच पट्ट्यात आहेत.

आधी वार ठरवा, मग तारीख. घारापुरीची, म्हणजे एलिफंटा बेटावरची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी. सिद्धिविनायकाला मंगळवारी रांग लांबते, तर रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, असतो. यातून गुरुवार-शुक्रवारची जोडी चांगली उरते: बुधवारी रात्री निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी परतीची गाडी धरायची. पावसाळा टाळा, कारण समुद्र खवळला की घारापुरीच्या लाँच बंद ठेवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात आपल्याकडच्या ४४-४५ अंशांची सवय तिथे कामाला येत नाही. आपलं ऊन कोरडं, तिथला घाम अंगावरून वाळतच नाही. पाण्यात मीठ-साखर घालून बाटली जवळ ठेवा.

भुसावळ-जळगाव-चाळीसगाव मार्गावर मुंबईला रात्रीच्या गाड्या आहेत. जळगाव ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) सुमारे ४२० किलोमीटर, म्हणजे साधारण सात तास. तिकीट काढताना दोन चुका हमखास होतात. पहिली तारखेची. गाडी जळगावला रात्री बारानंतर येत असेल तर तारीख दुसऱ्या दिवसाची असते. बुधवारी जेवण करून निघायचं आणि गाडी साडेबाराची, तर तिकीट गुरुवारचं हवं. दुसरी चूक शेवटच्या स्टेशनाची. उत्तरेकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या सीएसएमटीला न जाता कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात आणि पहाटे तिथून पोराबाळांसह, सामानासह पुढे जायला त्रास होतो. जमेल तितकं सीएसएमटीचंच तिकीट घ्या. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकरांना सुरतमार्गे पश्चिम रेल्वेच्या गाड्याही आहेत. त्या कुठे संपतात ते आधी बघा. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. तात्काळ तिकीट गाडी तिच्या मूळ स्टेशनहून सुटते त्याच्या आदल्या दिवशी मिळतं, एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला.

सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घ्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या पहिल्या दिवशीच्या दुपारपर्यंत मऊ राहतात. कळण्याची भाकरी मात्र दमट हवेत लवकर बिघडते.

सीएसएमटीला उतरलात की सामान क्लोकरूममध्ये टाका. कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत, त्यामुळे प्रत्येक बॅगेला छोटं कुलूप घरूनच लावा आणि रेल्वेचं तिकीट टाकून देऊ नका. प्रतीक्षालयात तोंड धुऊन, आवरून बाहेर या आणि रस्त्यापलीकडे महापालिकेच्या बाजूला उभे राहा. १८८७ साली सुरू झालेली ही इमारत तिथूनच नीट दिसते. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ आहे: सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. तुमच्या बाजूची महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाची.

तिथून गेटवे अडीच किलोमीटरच्या आसपास. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. काळी-पिवळी टॅक्सी मीटरनेच करा, नाहीतर बेस्टची बस घ्या.

नऊपर्यंत गेटवेला पोहोचा. घारापुरीच्या लाँच त्या सुमारास सुटायला लागतात, आणि अकरानंतर पोहोचणारे उन्हात तासभर रांगेत उभे राहतात. जायला एक तास लागतो. लाँचच्या वरच्या मजल्यावर बसायचे थोडे पैसे वेगळे घेतात. जाताना ते जरूर द्या, वारा आणि बंदराचं दृश्य वरूनच मिळतं. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढे सुमारे १२० पायऱ्या. हातात खाऊची पिशवी दिसली की माकडं ती ओढतात, तेव्हा सगळं पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा.

मुख्य लेण्यात घाईने फोटो काढून परतू नका. समोरची त्रिमूर्ती जवळपास वीस फूट उंच आहे. तिला लोक ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात, पण ती एकट्या शिवाची तीन रूपं आहेत. तुमच्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, मिशा असलेला अघोर; उजवीकडचा कोमल वामदेव, हातात कमळाची कळी; मधला शांत, डोळे मिटलेला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं द्या, मग ओठांची ठेवण दिसू लागते. त्रिमूर्तीच्या डाव्या बाजूला अर्धनारीश्वर, उजव्या बाजूला गंगाधर. वेरूळ-अजिंठा बघितलेल्यांनी तर इथे दीड तास द्यायलाच हवा.

दोनपर्यंत परत गेटवेला या. उन्हाची वेळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घालवा, ते चालत दहा मिनिटांवर आहे आणि सहाला बंद होतं. लहान मुलं बरोबर असतील तर संग्रहालयाऐवजी मलबार हिलचा कमला नेहरू पार्क बरा. त्याच्याजवळच झाडांमधून जाणारी लाकडी उन्नत वाट २०२५ मध्ये सुरू झाली आहे. तिचं तिकीट ऑनलाइन, वेळ निवडून काढावं लागतं. तारापोरवाला मत्स्यालय मात्र बंद आहे, जुन्या आठवणीवर तिथे जाऊ नका. सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हवर बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुयारी मेट्रोने सीएसएमटीहून थेट सिद्धिविनायक स्टेशन गाठा. भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तिकीट वरच काढा. दर्शनानंतर दादरहून भायखळ्याला लोकलने जायचं, पण अकरानंतरच. सकाळी आठ ते अकरा सगळी गर्दी सीएसएमटी-चर्चगेटकडे धावते, संध्याकाळी पाच ते नऊ उलट दिशेला. दादरला १ ते ७ फलाट पश्चिम रेल्वेचे, ८ पासून पुढचे मध्य रेल्वेचे. तुम्हाला मध्य हवी. बाहेर तिरपे पट्टे असलेल्या डब्यात वाचल्याशिवाय चढू नका. तो पहिल्या वर्गाचा, महिलांचा किंवा दिव्यांगांचा राखीव असतो, आणि साध्या तिकिटावर पहिल्या वर्गात सापडलात तर टीसी दंड घेतोच. उतरायच्या एक स्टेशन आधी दाराकडे सरका आणि कुठल्या बाजूला फलाट येणार ते शेजाऱ्याला विचारा. मुंबईकर हे लगेच सांगतो.

भायखळा पूर्वेला राणीची बाग आहे. मुलं पेंग्विनपाशी रमतात. मोठ्यांनी शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती बघावा. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं, तो हाच.

चारला तिथून निघा. परतीची गाडी सात-आठची असेल तर सहाच्या आत क्लोकरूममधून सामान काढा, कारण तिथेही रांग असते. दादरला गाडी काही मिनिटंच थांबते, म्हणून बॅगा असतील तर सीएसएमटीहूनच बसा. गाडी चाळीसगाव, जळगाव, भुसावळला मध्यरात्रीनंतर येते. तुमच्या स्टेशनच्या वेळेआधी अर्ध्या तासाचा गजर दोन मोबाइलवर लावा, आणि घरून न्यायला येणाऱ्यांना वारासोबत तारीखही सांगा.