गच्चीवर कुरडया आणि आभाळात ढग

वळवाची तयारी म्हणजे छत्री शोधणं आणि गच्चीवरचे पाइप साफ करणं, असं आमच्या सोसायटीत मानतात. माझी यादी सुरू होते वाळवणापासून. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया, सांडगे, जुन्या चादरीवर मिरच्या पसरलेल्या असतात. चारच्या सुमाराला आभाळ काळवंडलं की आम्ही बायका जिना चढत वर धावतो, पाऊस यायच्या आत आवरायचं म्हणून. पण वीज पावसासाठी थांबत नाही. ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, कोरड्या जागीही ती पडू शकते. म्हणजे पहिल्या थेंबाआधीची ती धावपळीची दहा मिनिटं उघड्या गच्चीवर काढणं हेच सगळ्यात धोक्याचं. दोन वर्षांपूर्वी मीही मिरच्यांचं सूप डोक्यावर धरून, गडगडाट ऐकत वर उभी होते. मिरच्या वाचल्या. एवढंच.

तेव्हा वाळवण अडीचपर्यंत खाली, कपडेही. राहिलं तर राहू द्या. कुरडया पुन्हा घालता येतात. दुपार यासाठी की जमीन तापून गरम, दमट हवा वर चढते, ढगांचे मनोरे उभे राहतात आणि त्यांच्यात बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळा होतो. पुण्यात हे मुख्यतः वळवात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. जुलैच्या संततधारेत विजा त्या मानाने कमी.

सकाळी चहाबरोबर फोनवर ‘दामिनी’ ॲप उघडायचं. ते आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनेच केलं आहे; भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत वीज पडत असेल तर दाखवतं. ॲप नसेल तर कान आहेत. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर. आकडा ३० सेकंदांच्या आत आला की घरात. खरं तर गडगडाट ऐकू आला की घरात, मोजत बसू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं गच्ची बंद. आमच्याकडे यावरून भांडणं होतात, होऊ देत.

घरात टीव्ही, राउटर, संगणक यांचे प्लग ढग जमतानाच काढा. कडकडाट सुरू झाल्यावर काढायला जाऊ नका, त्या वेळी तारेला हात लावणंच वाईट. अंघोळ आणि भांडी थोडी थांबू शकतात, कारण नळातून प्रवाह येऊ शकतो. मोबाइल वीज ओढत नाही, खुशाल बोला. फक्त तो चार्जरला लावलेला नको. इमारतीवर वीजरोधक असेल तर त्याचं अर्थिंग कमिटीने पावसाळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. तो दांडा जमिनीशी नीट जोडलेला नसेल तर नुसती शोभा.

दुचाकीवर असाल तर पक्क्या इमारतीत शिरा. बसस्टॉपचं छत पावसापुरतं आहे आणि झाड तर मुळीच नको, कारण झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी मारते. काचा बंद केलेली, पत्र्याच्या टपाची चारचाकी चालते. ते संरक्षण टायरच्या रबराचं नव्हे; प्रवाह पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जातो. वेताळ टेकडीची संध्याकाळची फेरी ढग दिसले तर रद्द. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन दुपारी बाराच्या आत उतरायला लागा. वर अडकलातच तर बुरूज, एकटं झाड आणि लोखंडी रेलिंग यांपासून लांब, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं पडू नका. हा शेवटचा उपाय आहे, सुरक्षित जागा नव्हे.

पायाळू माणसावर वीज पडते, हे आजीने मला शंभरदा सांगितलं असेल. तिच्या माहेरचा एक पायाळू काका नव्वदीपर्यंत जगला. वीज उंच, एकटी, उघड्यावरची गोष्ट शोधते. कोण कसं जन्मलं हे तिला ठाऊक नसतं. २०२२ मध्ये देशात २,८८७ माणसं वीज पडून दगावल्याची नोंद आहे.

ज्याच्यावर वीज पडली त्याला हात लावला तर शॉक बसत नाही; अंगात वीज साठून राहत नाही. ही भीती जीव घेते, कारण हृदय थांबलेल्या माणसाला पहिल्या काही मिनिटांत छातीवर दाब मिळाला तर तो वाचू शकतो. १०८ ला फोन लावा आणि दाब सुरू करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आमच्या तीन विंगमध्ये हे येतं अशी माणसं दोनच निघाली. त्यांचे फ्लॅट क्रमांक लिफ्टजवळ लावले आहेत.

शेवटी वॉचमनकाका. त्यांची खुर्ची फाटकाजवळच्या गुलमोहराखाली असते आणि पाऊस आला की ते पत्र्याच्या टपरीत शिरतात. ढग दिसले की खुर्ची जिन्याखाली आणायची, हे त्यांना सांगून झालं आहे. फाटक तेवढा वेळ ज्याचं त्याने उघडावं.