बडोद्यात मासे घ्यायचे कसे, आणि टोपली बघून गुजरातचा दर्या कसा ओळखायचा

मुंबईचे नातेवाईक आले की पहिला प्रश्न हाच, तुमच्या बडोद्यात मासे मिळतात का गं? आणि तोंडावर अशी दया की जणू आम्ही गेली चार पिढ्या शेव-टमाट्यावर जगतोय. दांडिया बाजारात वाढलेल्या सीकेपी घरातल्या बाईला हे विचारायचं म्हणजे कमालच. अहो, 2024 साली देशात समुद्रातले मासे सगळ्यात जास्त कुठे उतरले तर गुजरातमध्ये, 7.54 लाख टन, तमिळनाडू आणि केरळ आपल्या मागे. आता एवढा मासा येतो पण इथली निम्मीअधिक जनता तो खात नाही, मग जातो कुठे? बराचसा कारखान्यात, कंटेनरमध्ये, परदेशात. उरलेल्यातला आपल्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर येतो. तर त्यातला चांगला कसा उचलायचा हे लिहिते, कारण बदली होऊन नवीन आलेली मंडळी फार फसतात, माझी स्वतःची जाऊ पण फसलीय, ते पुढे सांगते.

पहिली गोष्ट, "ताजा आहे का" हे विचारूच नका. जगात कुठलीही मासेवाली नाही म्हणणार नाही. विचारायचं "मासी, क्यांनु छे?" म्हणजे कुठलं आहे. उत्तर साधारण तीनचार प्रकारचं येतं. वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर म्हटलं तर तो सौराष्ट्राचा माल, रस्त्याने चारशेच्या वर किलोमीटर बर्फात आलेला. त्यातला बराचसा ट्रॉलरचा, म्हणजे मागे पिशवीसारखं जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक होडीचा, आणि मोठे ट्रॉलर एकेका फेरीला दहा-दहा दिवस, कधी जास्तच समुद्रात राहतात, म्हणजे पहिल्या दिवशी पकडलेला मासा बंदरात उतरतानाच आठवड्याहून जुना असतो. तो वाईटच असतो असं नाही, बर्फ नीट लावला तर छान राहतो, पण "आज सवारनु छे" (आज सकाळचाच आहे) यावर तेवढा विश्वास ठेवायचा जेवढा लग्नाच्या पत्रिकेतल्या मुहूर्तावर ठेवतो. उमरगाव-वलसाड म्हटलं तर तो दक्षिणेकडचा, जवळचा आणि बऱ्याचदा लहान होड्यांचा, जाळं टाकून लवकर परत येणाऱ्यांचा. मला तो जास्त आवडतो. भरूच-खंभातकडचं म्हटलं तर खाडीचं, बोय, निवट्या, चिंबोऱ्या वगैरे. निवट्यांना इथे लेवटा म्हणतात, बादलीत जिवंत उड्या मारत असतात, खंभातच्या आखाताला चिखल एवढा की त्यांचं राज्यच आहे तिथे. आणि चौथं उत्तर म्हणजे नुसती मान हलवणं, तो मासा तळ्याचा.

आता मुख्य मुद्दा, साइज. हे मला कळायला खूप वर्षं लागली. लहानपणी बाबा पापलेट आणायचे ते ताटात मावायचं नाही, आता लारीवर पापलेटचा वाटा लावलेला असतो, सहा-सात नग, प्रत्येक माझ्या तळहाताएवढासुद्धा नाही. आपण म्हणतो काय छान स्वस्त मिळाले, तळायला बरे. पण ती पिल्लं आहेत हो. महाराष्ट्रात 2023 ला नियम आला, 54 जातींसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली, पापलेटला 135 मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. तोही फक्त कमीत कमीचा आकडा, पापलेट गाभोळीला, म्हणजे अंड्यांवर येतं ते त्याच्याहून चांगलं मोठं झाल्यावर. मी एकदा घरी फुटपट्टी लावून बघितलं तर माझ्या मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सतरा सेंटीमीटर भरतं. तेव्हापासून माझं साधं माप आहे, पापलेट हातावर ठेवायचं, बोटं झाकली गेली तर घ्यायचं नाहीतर परत टोपलीत. मासेवाली हसते, हसू दे. तुम्हीही आपला हात एकदा मोजून ठेवा, बाजारात फुटपट्टी काढायला लाज वाटते पण हात तर कायम बरोबरच असतो.

याचं कारण नीट समजून घ्या म्हणजे पटेल. 2018 ला गुजरातचा आकडा 7.80 लाख टन होता, मग मधे घसरला, दुसऱ्या राज्यांनी पहिला नंबर घेतला, आता परत वर आला. नुसता टनांचा आकडा बघितला तर वाटतं सगळं छान चाललंय. पण टन म्हणजे वजन, त्या वजनात काय आहे ते बघायला नको का? बोंबील, जवळा, वाकट्या, ढोमा, माकूल, राणी मासा, हेच भरपूर. वाकट्या चीनला जातात, राणी मासा वेरावळच्या कारखान्यांत सुरिमीसाठी दळला जातो, सुरिमी म्हणजे माशाचा लगदा, त्याचे परदेशात नकली खेकडे वगैरे बनतात. आणि अगदीच बारीक पिल्लं असतात ती भुकटी करून कोंबड्यांच्या नाहीतर कोळंबीच्या खाद्यात. म्हणजे जे पिल्लू दोन वर्षांनी आपल्या ताटात मोठं होऊन आलं असतं ते आजच मातीमोल भावाने गेलं. गुजरातच्या 2003 च्या कायद्यात ट्रॉल जाळ्याच्या शेपटाला 40 मिलिमीटरची चौकोनी भोकं हवीत असं लिहिलंय, कारण चौकोनी भोक ओढताना मिटत नाही आणि पिल्लू निसटतं. जाळी तशी असती तर माझ्या लारीवर हे वाटे दिसले असते का, तुम्हीच सांगा.

किनाऱ्याजवळ कमी झालं की होड्या आणखी लांब जातात, डिझेल जास्त जळतं, कर्ज वाढतं, आणि ओखा-पोरबंदरच्या बऱ्याच होड्या सरहद्दीच्या रेषेजवळ जाऊन पाकिस्तानच्या ताब्यात सापडतात. पेपरात आपण "मच्छीमारांची सुटका" वाचतो ना, त्याच्या मुळाशी हे पण एक कारण आहे. त्यात 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ उना-दीवकडे धडकलं, जाफराबादकडे कित्येक होड्या फुटल्या. आणि जाफराबाद म्हणजे आपल्या बोंबलाचं माहेर.

बोंबील घेताना मात्र माझा नियम उलटा, लांबून आलेला नकोच. त्याच्या अंगात पाणीच जास्त, प्रवासात त्याचा चेंदामेंदा होतो. तोंड गुलाबीसर आणि अंग काचेसारखं चकचकीत असेल तर घ्या, पिवळट झाला असेल आणि उचलल्यावर मधेच तुटत असेल तर हात जोडून पुढे चला. इथे त्याला बूमला म्हणतात, बोंबील म्हटलं तर काही जणी बघत राहतात. सुके मात्र जाफराबादचे बिनधास्त घ्या, एप्रिल-मेमध्ये वर्षभराचे भरून ठेवा.

आता जावेची गोष्ट. ती पुण्याहून नवीन आलेली, तिला एकाने "पापलेट छे बेन" म्हणून अर्ध्या भावात किलोभर दिलं, घरी आणून साफ करायला घेतलं तर माशाला दात! माणसासारखे. घाबरून मला फोन केला. ते रूपचंद, तळ्यात वाढवलेला, दिसायला गोल चपटा त्यामुळे पापलेट म्हणून खपतो. ओळखायचं सोपं आहे, पोटाकडे लालसर झाक असते, पाठीवर शेपटीच्या आधी एक छोटासा मांसल पर असतो जो पापलेटला नसतो, आणि तोंड उघडून बघितलं की दात दिसतातच. रूपचंद खाऊ नका असं म्हणत नाही मी, रूपचंदच्या भावात घेतला तर रस्सा चांगला होतो. आणखी एक, काळा मोठा मिशीवाला थाई मागूर कुणी स्वस्तात देत असेल तर अजिबात नको, त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे, तो बाकी सगळे मासे खाऊन टाकतो.

कधी घ्यायचं तर पंचांग समोर ठेवा. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी, 61 दिवस, आणि गुजरातने अलीकडे ती 15 ऑगस्टपर्यंत लांबवलीय. या दिवसांत कुणी "दरियानु ताजू" म्हणून मोठी सुरमई दाखवली तर ती एकतर डीप फ्रीजची नाहीतर दुसऱ्या किनाऱ्याची. तेव्हा तळ्याचं खा, रोहू, कटला, आणि कोळंबी. आपल्या सुरत-नवसारी-वलसाड पट्ट्यात वनामी कोळंबीची तळी आहेत, ही जात देशात 2009 ला आली आणि धंद्याचं रूपच बदललं. बरीचशी अमेरिकेच्या भरवशावर चाललेली, मग 2025 च्या ऑगस्टमध्ये तिकडे 50 टक्क्यांपर्यंत कर लागला आणि तळीवाल्यांची झोप उडाली. माझं मत विचाराल तर एका गिऱ्हाइकावर एवढं अवलंबून राहायलाच नको होतं, इथे बडोदा-अहमदाबादेत नीट साफ केलेली कोळंबी स्वच्छ दुकानात ठेवली तर घेणारे खूप आहेत, पण आपल्या गावाकडे बघतो कोण.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा जोमात निघतात, आणि त्याच वेळी निम्मं बडोदं श्रावण पाळत असतं, मग गणपती, मग नवरात्र. म्हणजे माल भरपूर आणि गिऱ्हाईक कमी! आमच्या घरात श्रावण पाळतात म्हणून मला काही उपयोग नाही, पण जे पाळत नाहीत त्यांनी ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर सोडू नये, वर्षातला सगळ्यात चांगला सौदा तेव्हाच.

पावसाळ्यातच अजून एक गोष्ट असते, भरूचचा पाला. बंगाली लोक ज्याला इलिश म्हणून जीव टाकतात तोच, भरूचकडे त्याला चाकसी आणि मोदार म्हणतात. समुद्रातून नर्मदेच्या मुखात अंडी घालायला वर चढतो, भाडभूतच्या आसपास जाळ्यात येतो. त्याला चढायला गोड पाण्याचा लोंढा लागतो, आणि वर सरदार सरोवर झाल्यापासून खाली सुटणारं पाणी कमी झालं, खारं पाणी आत शिरलं. आता भाडभूतलाच बराज, म्हणजे नदीवर आडवा बंधारा होतोय, खारं पाणी अडवायला आणि गोडं साठवायला, पण भिंत आडवी आली की मासा वर जाणार कसा म्हणून तिथले मच्छीमार विरोध करतायत. मकरपुऱ्याकडे ओएनजीसीमुळे बंगाली कुटुंबं पुष्कळ, ती पहाटेच उचलून नेतात, तुम्हाला हवा असेल तर मासेवालीकडे आदल्या दिवशी सांगून ठेवा. गाभोळीवाला मागू नका, मी तरी नाही घेत.

आणि घोळ. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातने त्याला राज्यमासा केलं, महाराष्ट्राने त्याच वर्षी पापलेटला केलं. घोळीचं मांस चांगलंच आहे पण खरी किंमत तिच्या पोटातल्या फुग्याला, बोत म्हणतात, तो हाँगकाँग-चीनकडे जातो. 2021 ला पालघरच्या मुरब्याच्या एका होडीला 157 घोळ मिळाल्या आणि 1 कोटी 33 लाख आले, तेव्हा आमच्या ग्रुपवर आठवडाभर तेच चाललं होतं. बडोद्यात घोळीची तुकडी मिळाली तर फुगा आधीच काढलेला असतो, त्याची चौकशी करून दुकानदाराला त्रास देऊ नका.

निवडताना डोळे फुगीर आणि काळेभोर, कल्ले लाल, बोटाने दाबल्यावर खळगा भरून यायला हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. मी वास आधी घेते. समुद्राचा वास ठीक, पण काहीच वास नाही, माशी एकही बसत नाही आणि अंग रबरासारखं कडक, असं असेल तर फॉर्मलिनची, म्हणजे मासा टिकवायला लावतात त्या विषारी रसायनाची, शंका घ्या. कोचीच्या सीआयएफटी या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने 2018 ला ते तपासायची पट्टी काढलीय, माशावर घासायची, वर थेंब टाकायचा, रंग बदलला की कळतं.

शेवटचं घरचं. सोसायटीत खालीवर जैन आणि वैष्णव, त्यामुळे मी मासे तिथेच साफ करून घेते, पिशवीत पिशवी, लिफ्टमध्ये शक्यतो एकटी. तळताना खिडकी बंद, एग्झॉस्ट चालू, आणि झाल्यावर कढईत व्हिनेगर-पाणी उकळायचं. डोकी, काटे, कोळंबीची सालं डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवायची, कचऱ्याची गाडी सकाळी खाली वाजायला लागली की मग काढून न्यायची.