खलनायकाची पूर्वकथा लिहिताना या चुका टाळा

सुपरहिरोंच्या अ‍ॅनिमेटेड मालिकेसाठी खलनायकाची पूर्वकथा लिहायला घेतली, की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. आईबाप गेले, प्रयोगशाळेत स्फोट झाला, सगळ्यांनी हिणवलं. दुःखाची रास पडते, पण प्रेक्षकाला काही वाटत नाही. असं झालं की मी एकच भाग पुन्हा बघायला सांगतो : ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’मधला ‘हार्ट ऑफ आइस’. १९९२ सालचा हा भाग पॉल डिनीने लिहिला आणि ब्रूस टिमने दिग्दर्शित केला. त्याचा खलनायक मिस्टर फ्रीझ कॉमिक्समध्ये १९५९ पासून होता. तेव्हा त्याचं नाव मिस्टर झीरो आणि काम बर्फाच्या बंदुकीने चोऱ्या करणं. त्या किरकोळ पात्राला या भागाने जेमतेम बावीस मिनिटांत उभं केलं. लेखनाचा डेटाइम एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कारही मिळवला.

दुःख एकीकडे, गुन्हा भलतीकडे

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ती ओळखायची सोपी रीत आहे. तुमच्या खलनायकाची पूर्वकथा काढा आणि तिथे दुसऱ्या कुणाची तरी बसवून बघा. तो करत असलेले गुन्हे जसेच्या तसे चालून गेले, तर सांधा जुळलेला नाही.

फ्रीझच्या बाबतीत असं करताच येत नाही. फ्रीझ म्हणजे मूळचा व्हिक्टर फ्राइज, गॉथकॉर्प कंपनीतला शास्त्रज्ञ. पत्नी नोराला असाध्य आजार आहे, म्हणून उपाय सापडेपर्यंत त्याने तिला कंपनीच्या यंत्रात गोठवून ठेवलंय. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉयल खर्चाचं कारण देऊन तो प्रयोग बंद पाडायला येतो. झटापटीत व्हिक्टर रसायनांवर आदळतो आणि त्यानंतर शून्याखालच्या थंडीतच जगू शकतो. नोरा गेली असंच तो धरून चालतो आणि बॉयलवर सूड घ्यायला निघतो. आता त्याच्या चोऱ्या बघा. तो पैशाला हात लावत नाही. गॉथकॉर्पच्याच ठिकाणांवर छापे घालून प्रचंड गोठवणाऱ्या तोफेचे सुटे भाग गोळा करतो. त्याचं हत्यार थंडीचं, पोशाख थंडी टिकवणारा, आणि मायकेल अ‍ॅन्सराने दिलेला आवाजही भावना आतच गोठल्यासारखा. सगळं एकाच जखमेतून आलेलं आहे. पूर्वकथा लिहिताना आधी विचारा : या माणसाला आज नेमकं काय हवंय, आणि ते मिळवायची त्याची रीत त्याच जखमेतून आली आहे का?

खलनायक स्वतःच आपलं रडगाणं गातो

भांडण ऐन रंगात आलेलं असताना खलनायक थांबतो आणि ‘माझ्यावर काय अन्याय झाला ठाऊक आहे?’ म्हणून सुरू होतो. तिथे कथा बसते. दोष फ्लॅशबॅकचा नसतो. तो कोण बघतंय आणि बघितल्यावर काय बदलतं, हे ठरलेलं नसतं.

डिनीने इथे फार नेमकं काम केलंय. सगळे छापे गॉथकॉर्पवरच पडताहेत हे बॅटमॅनच्या ध्यानात येतं, तो कंपनीत शिरतो आणि त्या प्रयोगाची व्हिडिओ टेप त्याच्या हाती लागते. अपघात आपल्याला त्या टेपवर दिसतो. बॉयल रक्षकांना घेऊन आत येतो. व्हिक्टर पिस्तूल रोखतो. बॉयल गोड बोलून त्याला शांत करतो, पिस्तूल खाली येतं, आणि त्याच क्षणी बॉयल त्याला लाथ घालतो. सहानुभूतीसाठी कुणी एक शब्दही बोलत नाही. जो माणूस फ्रीझला पकडायला निघालाय, तोच एकटा बसून हे बघतो. पुढे त्याच बॉयलचा माणुसकीबद्दल सत्कार सुरू असताना टेप पत्रकार बाईंच्या हाती जाते. म्हणजे फ्लॅशबॅकने शोधाला दिशा दिली, नायकाचं मन बदललं आणि शेवटही घडवला. तुमचा फ्लॅशबॅक यातलं एकही करत नसेल, तर तो काढून टाका.

कीव करता करता दात काढून घेणं

दुःख दाखवलं म्हणजे तो मवाळ व्हायला पाहिजे असं नाही. फ्रीझच्या टोळीतल्या एकाचे पाय गोठतात, तेव्हा फ्रीझ त्याला तिथेच टाकून निघतो. सत्काराची इमारत तो आतल्या निरपराध माणसांसकट गोठवायला निघतो. प्रेक्षकाला त्याचं दुःख पटतं आणि त्याची भीतीही वाटते, ती या दोन प्रसंगांमुळे. तुमच्या पटकथेत असा एक तरी प्रसंग हवा, जिथे त्याच्या दुःखाची किंमत दुसराच कुणी मोजतो.

अपघातानेच माणूस दुष्ट होतो

रसायन अंगावर पडलं आणि स्वभाव पालटला, हे आळशीपणाचं लेखन आहे. याच मालिकेत हार्वी डेंट हा टू-फेस नावाचा खलनायक होण्याआधी ब्रूस वेनचा, म्हणजे बॅटमॅनचाच, मित्र आणि सरकारी वकील म्हणून आधीच्या भागांत दिसतो. लहानपणापासून दाबून ठेवलेला राग त्याच्यात असतोच, चेहरा भाजणारा स्फोट फक्त त्या रागाला वाट करून देतो. दोन-तीन भाग आधीच पात्राची ओळख करून देणं शक्य असेल, तर ती संधी सोडू नका.

जिच्यासाठी सगळं, ती फक्त तसबीर

इथे ‘हार्ट ऑफ आइस’सुद्धा कमी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. नोरा एक शब्द बोलत नाही. काचेच्या गोळ्यातल्या नाचणाऱ्या बाहुलीपलीकडे ती आपल्याला कळत नाही. गोठून घ्यायचा निर्णय तिचा होता का? तिचं एक वाक्य, तिचा एक हट्ट दाखवला असता, तर फ्रीझचं दुःख दुप्पट पोचलं असतं. मेलेली बायको, मेलेलं मूल लिहिताना त्या व्यक्तीला आधी जिवंत करा.

पुढच्या पर्वात मूळच पुसणं

२०१२ मध्ये कॉमिक्सनी नोरा ही फ्रीझची पत्नी नव्हतीच, तो त्याचा भ्रम होता, असं ठरवलं. धक्का बसला खरा, पण ज्या प्रेमावर पात्र उभं होतं तेच गेलं. याउलट १९९८ च्या ‘सबझीरो’ या व्हिडिओपटात नोरा जिवंत निघते. आधीचं काही खोटं ठरत नाही, उलट सूडाने पेटलेल्या माणसाला आता तिला वाचवायचं असतं आणि तिला लागणाऱ्या अवयवासाठी तो पोलीस आयुक्ताची मुलगी बार्बरा गॉर्डन हिला पळवून नेतो. पूर्वकथेत भर घालायचीच असेल तर अशी घाला, की जुन्या जखमेतून नवा गुन्हा निघेल.