व्हीएस कोडमध्ये शॉर्टकट बदलताय? या चुका टाळा

एडिटर बदलला तरी बोटं जुन्याच एडिटरची राहतात. त्यामुळे व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर टाकल्या टाकल्या पहिल्याच संध्याकाळी वीस-पंचवीस शॉर्टकट बदलायची घाई होते. आठवड्याभरात तक्रार ठरलेली: 'एडिटर वेड्यासारखं करतोय.' बहुतेक वेळा तो सांगितलं तेच करत असतो.

'व्हेन', म्हणजे शॉर्टकट कधी चालावा याची अट, कोरं सोडणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एक्लिप्स या दुसऱ्या एडिटरमधून आलेल्याच्या बोटांत कंट्रोल-डी म्हणजे ओळ उडवणं. व्हीएस कोडमध्ये ते काम कंट्रोल-शिफ्ट-के करतं. मग कुठून तरी दोन ओळी उचलून कीबाइंडिंग्जच्या, म्हणजे शॉर्टकटच्या नियमांच्या, जेसन फाइलमध्ये चिकटवल्या जातात: एक की, एक कमांड. चाललं, स्वारी खूश. दोन दिवसांनी डावीकडच्या यादीत एखादी फाइल निवडलेली असते आणि तिची प्रत काढायला म्हणून हात कंट्रोल-डीवर जातो. यादीत काही हलत नाही, म्हणून पुन्हा दाबलं जातं. तिकडे उघड्या फाइलमध्ये कर्सर जिथे होता तिथल्या दोन ओळी गायब. ऑटो-सेव्ह चालू असेल तर तो बदल सेव्हसुद्धा झालेला. हे कळतं बिल्ड फुटल्यावर, म्हणजे प्रोग्राम तयार होताना अडल्यावर, तेही डिफ (फाइलीत काय बदललं ते) बघायची सवय असेल तर.

कारण साधं आहे. आपले नियम मूळ नियमांच्या खाली जोडले जातात आणि एडिटर यादी खालून वर तपासतो. की आणि अट दोन्ही जुळणारा पहिला नियम जिंकतो. अटच नसेल तर नियम सगळीकडे जुळतो, फाइलींच्या यादीतही.

म्हणून नवख्याने जेसनला हात लावूच नये. कंट्रोल-के कंट्रोल-एस दाबा, 'डिलीट लाइन' शोधा, पेन्सिलवर क्लिक करा, नवी की दाबून एंटर मारा. मूळ नियमाची अट आपोआप सोबत येते. तीच की आधी किती कमांडना दिलेली आहे, तेही त्या चौकटीत दिसतं. तो आकडा वाचायचे कष्ट कोणी घेत नाही. कंट्रोल-डी मुळात कर्सरखालच्या शब्दाची पुढची जागा निवडतं, आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहायचं ते हुकमी साधन आहे. की पळवलीत तर त्याला दुसरी द्या.

नुसत्या कंट्रोल-केवर काहीतरी बांधणं. ती दोन टप्प्यांच्या शॉर्टकटची पहिली पायरी आहे. अट न घालता ती एकटी वापरली की कमेंट करायचं कंट्रोल-के कंट्रोल-सी गेलं, मार्कडाउन फाइलचा बाजूला उघडणारा प्रिव्ह्यू गेला, आणि गंमत म्हणजे शॉर्टकट बदलायचं पान उघडणारी जोडीही गेली. मग फाइल मेनूतल्या प्रेफरन्सेसमधून आत शिरा आणि तो नियम काढा.

विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट आणि आकडा. इंग्लिश इंडिया लेआउटमध्ये कंट्रोल-ऑल्ट-४ ने ₹ उमटतो. तिथे कमांड बसवलीत तर रुपया टाइप होणं बंद.

मराठी लेआउट विसरणं. इनस्क्रिप्टमध्ये स्लॅशच्या जागी य बसतो. लेआउट सतत बदलत काम करणाऱ्यांनी चिन्हांचे शॉर्टकट कीच्या जागेवर बांधावेत: जेसनमध्ये कीचं नाव चौकोनी कंसात लिहिलं की एडिटर छापलेलं चिन्ह न बघता जागा बघतो.

दुसऱ्याची अख्खी फाइल चिकटवणं. करू नका.

जुना शॉर्टकट पुसायला नियम शोधत बसणं. मूळ नियम पुसता येत नाही. त्याच कीचा नियम लिहून कमांडच्या नावाआधी वजा चिन्ह द्या. उजव्या क्लिकमधलं 'रिमूव्ह कीबाइंडिंग' हेच करतं.

मॅकवरचे शॉर्टकट विंडोजवर आले नाहीत म्हणून सिंकला, म्हणजे सेटिंग्ज सगळ्या मशीनवर नेणाऱ्या सोयीला, शिव्या देऊ नका. ते मुळातच प्रत्येक प्रणालीसाठी वेगळे ठेवले जातात.

इतकं करूनही की चालत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग' चालवा आणि ती की दाबा. आउटपुट पॅनेलमध्ये कुठला नियम जुळला आणि कुठली कमांड सुटली, ते छापून येतं. दुसरीच कमांड दिसली तर शॉर्टकटच्या पानावर त्या कीवर उजवं क्लिक करून 'शो सेम कीबाइंडिंग्ज' बघा. सोर्सच्या रकान्यात एक्स्टेंशनचं नाव दिसलं तर चोर सापडला. काहीच छापलं नाही, तर की एडिटरपर्यंत पोचलेलीच नाही. ऑपरेटिंग सिस्टिमने किंवा मागे चालू असलेल्या दुसऱ्या प्रोग्रामने ती वाटेतच गिळली आहे, आणि तिथे जेसन कितीही खरडलंत तरी फरक पडणार नाही.