मिश्र फळांच्या बरण्या: आधी आंबटपणा बघा, मग पाक करा

तोडणीचा जोर असतो तेव्हा बाजारात न जाणारा मालही घरात साचतो. आकाराने लहान, रंगाला कमी, सालीवर एखादा ओरखडा असलेला. हा माल पाकात हवाबंद केला तर वर्षभर पुरतो. एकाच फळाच्या बरण्या भरणे तसे सोपे आहे. मिश्र फळांत मात्र प्रत्येकाचा आंबटपणा वेगळा आणि शिजण्याचा वेळही वेगळा. अशा बरणीत हुकूम चालतो तो सर्वांत कमी आंबट आणि सर्वांत घट्ट फळाचा. तेवढे एक फळ चुकीचे निवडले की बाकीची कितीही चांगली असून उपयोग नाही.

मुख्य आकडा सामू ४.६. सामू म्हणजे आंबटपणाचे माप (pH); तो जितका कमी, तितके फळ जास्त आंबट. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत आणि हवा नसलेली बरणी त्यांना मानवते. तिथे ते वाढून घातक विष तयार करतात. सामू ४.६ च्या खाली असेल तर मात्र त्यांना वाढताच येत नाही. म्हणजे या जिवाणूला अडवतो तो फळाचा आंबटपणा. उकळण्याने यीस्ट, बुरशी आणि इतर जिवाणू मरतात आणि झाकण घट्ट बसते. साखरेचा इथे संबंध नाही. साखर रंग, चव आणि फोडींचा आकार टिकवते, एवढेच.

पिवळ्या गराचे पीच, जर्दाळू, प्लम, चेरी, अननस, द्राक्षे, सफरचंद आणि नेहमीचे लांबट मानेचे पेअर ही फळे उकळत्या पाण्याच्या पद्धतीला, म्हणजे भरून बंद केलेल्या बरण्या पाण्यात उकळण्याला, चालतात. केळी, पपई, कलिंगड, खरबूज, चिकू, ड्रॅगन फ्रूट या मिश्रणात घालू नका. पिकलेल्या आंब्याचा आंबटपणा जातीनुसार इतका बदलतो की अंदाजावर भरवसा ठेवता येत नाही. पांढऱ्या गराचे पीच दिसायला सुरेख, पण त्यांचा सामू ४.६ च्या वर जाऊ शकतो. ते ताजेच खावेत किंवा गोठवावेत. गोल, कुरकुरीत आशियाई पेअर आणि अंजीर यांना अर्ध्या लिटरच्या बरणीमागे एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, बाटलीबंद लिंबूरस लागतो. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमी-जास्त असतो, म्हणून बाटलीतलाच घ्या. पण ही दोन्ही फळे वेगळ्या बरण्यांत भरलेली बरी.

झाडाखाली पडलेले, बुरशी लागलेले किंवा अति पिकलेले फळ कापून ‘चांगला भाग’ वापरण्याचा मोह होतो. तो टाळा. फळ अति पिकले की आंबटपणा उतरतो आणि बुरशीही आम्ल खाऊन टाकते. सालीवरचा कोरडा ओरखडा चालतो, मऊ पडलेला डाग चालत नाही.

खरी अडचण येते ती फळे एका वेळी तयार होत नाहीत तेव्हा. अशा वेळी पेअर उपयोगी पडते. ते झाडावर पूर्ण पिकू द्यायचे नसते; कच्चे पण तयार असताना तोडून थंड जागी ठेवले तर थांबते आणि गरजेच्या चार-सहा दिवस आधी खोलीत आणले की पिकते. देठाजवळ अंगठ्याने दाबून किंचित दबले की घ्या. द्राक्षे आणि अननस तोडल्यावर गोड होत नाहीत, त्यामुळे त्यांची तोडणी पीचच्या दिवसाशी जुळवा.

एक खात्रीचे प्रमाण असे: पीच आणि पेअर प्रत्येकी सुमारे १४०० ग्रॅम, किंचित कच्ची बिनबियांची हिरवी द्राक्षे ७०० ग्रॅम, बरण्यांत वाटून घालायला पाकातल्या थोड्या चेरी. पाकाला ४ कप पाणी आणि ३ कप साखर. हा पाक मला जरा जड वाटतो. साखर निम्मी केली तरी टिकण्यात फरक पडत नाही. काळी द्राक्षे घेतली तर सगळी बरणी जांभळी होते.

पीच मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून सोला. पीच आणि पेअरच्या अर्ध्या इंचाच्या सारख्या फोडी करा. मोठ्या फोडींच्या आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून आकाराबाबत काटेकोर राहा. चिरलेले फळ काळे पडू नये म्हणून ४ लिटर पाण्यात ३ ग्रॅम अॅस्कॉर्बिक अॅसिड (क जीवनसत्त्व) घालून त्यात ठेवा. गरम बरणीत आधी अर्धा कप गरम पाक, मग चेरी, मग निथळलेली फळे, पुन्हा पाक. वर अर्धा इंच जागा मोकळी सोडा. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हवेचे बुडबुडे काढा, काठ पुसा, झाकण बोटांच्या जोराने लावा, आवळू नका.

उकळते फळ बरणीत ओतून नुसते झाकण लावण्याची जुनी सवय सोडून द्या. निकोला आपेर या फ्रेंच माणसाने १८१० मध्ये अन्न हवाबंद करून टिकवण्याची आपली पद्धत छापून जाहीर केली, तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी बंद करायचे, मग उकळायचे. बरण्या बुडून वर किमान एक इंच पाणी हवे. पाणी पुन्हा खळखळू लागल्यावरच वेळ मोजायला घ्या. अर्धा लिटर किंवा त्याहून लहान बरणीला समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपर्यंत २० मिनिटे, ९०० मीटरपर्यंत २५, १८०० मीटरपर्यंत ३०, त्याहून उंचावर ३५. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून हा वाढीव वेळ.

बाहेर काढल्यावर १२ ते २४ तास हलवू नका, झाकण पुन्हा आवळू नका. मध्यभागी दाबल्यावर झाकण वर-खाली होत असेल तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवा. बाकीच्यांवर तारीख घालून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा आणि वर्षभरात वापरा.

फोडी वर तरंगल्या, पेअरला गुलाबी झाक आली, वरचा थर थोडा तपकिरी झाला तर बिघडत नाही. पेअर जास्त तापले किंवा हळू निवले की गुलाबी होते. पण झाकण फुगले असेल, उघडताना पाक उडाला किंवा वास बदलला असेल तर चाखून बघू नका. बरणी तशीच, मुले आणि जनावरे पोचणार नाहीत अशा ठिकाणी टाकून द्या.