बँक दरोड्याच्या सिनेमावर मत लिहायचं तर

दरोड्याच्या सिनेमावरची बहुतेक मतं एकाच जागी फसतात. लिहिणारा गोष्ट सांगत सुटतो, शेवटाच्या तोंडाशी येऊन थबकतो आणि ‘पुढचं पडद्यावरच पाहा’ म्हणून मोकळा होतो. अशा सिनेमाचा सगळा खेळ माहितीचा असतो: कोणाला काय ठाऊक आहे, केव्हा ठाऊक झालं, आणि प्रेक्षकाला त्यातलं किती दाखवलं. वाचणाऱ्याला तुमच्याकडून एवढंच हवं असतं की सिनेमा चलाखीने खेळला की त्याने लबाडी केली. पुढची सगळी खटपट त्या उत्तरासाठी.

पहिल्यांदा पाहताना हातात काही नको. संपल्यावर दहा मिनिटांत, कोणाशी बोलण्याआधी, पाच ओळी लिहून काढा: कुठे श्वास अडकला, कुठे घड्याळ पाहिलं, शेवटाचा अंदाज कितव्या मिनिटाच्या सुमारास आला. या ओळी नंतर बदलायच्या नाहीत. दुसऱ्यांदा पाहिल्यावर आपण फार हुशार होतो आणि ‘मला आधीच कळलं होतं’ असं खोटं लिहून बसतो.

दुसऱ्या वेळी वही घ्या आणि तीन रकाने पाडा. वेळ, प्रेक्षकाला काय कळलं, कोणापासून काय लपवलं. नमुन्याला स्पाइक लीचा २००६ सालचा ‘इनसाइड मॅन’ चांगला, १२९ मिनिटांचा. सुरुवातीलाच क्लाइव्ह ओवेनचा दरोडेखोर सरळ कॅमेऱ्याकडे पाहून आपलं नाव सांगतो, काय केलं आणि का केलं तेही सांगतो. राखून ठेवतो ते फक्त ‘कसं’. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात हे सगळं, तिसऱ्यात ‘कसं’. पुढे ओलिसांना दरोडेखोरांसारखेच कपडे आणि मुखवटे चढवले जातात, म्हणजे माहिती पोलिसांपासून लपली. मग मध्येच, वेढा सुरू असतानाच, नंतरच्या चौकशीचे तुकडे दिसू लागतात: सुटून आलेल्यांपैकी चोर कोण हे पोलिसांना अजून उमगलेलं नाही. इथे सिनेमा पुढची गोष्ट आधीच सांगून टाकतो आणि तरी ताण सैल होत नाही. हे का जमलं, यावर तुमच्या मतातला एक अख्खा परिच्छेद खर्च करा. (‘छैंया छैंया’ सुरुवातीला वाजतं याचं कौतुक आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मतात असतं. एका वाक्यात उरका.)

वहीत एक खूण वेगळ्या शाईने करा: दरोड्याचा बेत प्रेक्षकाला आधी समजावला का? पटकथेचा जुना संकेत असा की नकाशा पसरून सगळा बेत सांगितला, तर तो प्रत्यक्षात बिघडणार. आणि बेत लपवला, तर तो पार पडणार. कारण साधं आहे. आधी ऐकलेलं जसंच्या तसं घडताना पाहण्यात मजा नाही. म्हणून ‘बेत फसतो हा धक्का होता’ असं लिहिण्याआधी वही उघडा; धक्का खरोखर होता की संकेतच पाळला गेला, ते तिथे दिसेल. लबाडी मात्र वेगळी. पात्र एकटं असताना, कोणीही बघत नसताना, नाटक करत असेल तर ते नाटक फक्त प्रेक्षकाला फसवायला आहे. तिथे गुण कापा.

आता पैशांचं वजन. हा तपास बहुतेकजण करत नाहीत आणि करायला दोन मिनिटं लागतात. पाचशेच्या नोटांत एक कोटी म्हणजे २०,००० नोटा, शंभर-शंभर नोटांची २०० पॅकेट. एक नोट ग्रॅमहून जराशी जड, तेव्हा ओझं वीस-तेवीस किलो. दहा कोटी घेऊन कोणी खांद्यावरच्या एका पिशवीनिशी भिंतीवरून उडी मारत असेल तर तो सव्वादोनशे किलो उचलतोय. डॉलरची नोट एक ग्रॅमच्या आसपास. मायकल मानच्या ‘हीट’मध्ये (१९९५) रक्कम एक कोटी वीस लाख डॉलरच्या घरात आहे, सगळ्या शंभराच्या नोटा धरल्या तरी १२० किलो. तीन मोठ्या पिशव्यांत वाटलं तर माणशी चाळीस. जड, पण अशक्य नाही, आणि ते ओझं नटांच्या चालण्यात दिसतं की नाही हे बघणं हीच खरी परीक्षा. त्याच प्रसंगात कान उघडे ठेवा: रस्त्यावरच्या गोळीबाराचा आवाज बराचसा चित्रीकरणाच्या जागीच टिपलेला आहे, इमारतींवर आपटून परत येणारा. फोनच्या स्पीकरवर पाहून ‘आवाज ठीक’ असं लिहिणार असाल तर आवाजाबद्दल लिहूच नका.

हिंदी-मराठी सिनेमा असेल तर बँकेची रीतही तपासा. आपल्याकडे स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे वाटलेल्या असतात. एकट्या मॅनेजरच्या कानशिलाला पिस्तूल लावून ती उघडत नाही. लॉकरला बँकेची एक आणि ग्राहकाची एक अशा दोन किल्ल्या लागतात, बंद करायला मात्र ग्राहकाची पुरते. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद. ही रीत मोडली म्हणून सिनेमा लगेच वाईट ठरत नाही. आपण घातलेला नियम त्याने पुढे स्वतःच मोडला, तर ठरतो. आणि ‘हे असं कुठे होतं का’ लिहिताना जरा जपून. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला चोरांनी जवळचा गाळा भाड्याने घेऊन, काही महिने खपून, तिथून थेट बँकेच्या लॉकरच्या खोलीत भुयार काढलं. दुसरा शनिवार आणि रविवार जोडून आले होते. सोमवारी बँक उघडल्यावर कळलं. पटकथेत हे लिहिलं असतं तर आपणच नाक मुरडलं असतं.

शब्दाचीही एक गंमत. सिनेमाला आपण सरसकट ‘दरोडा’ म्हणतो, पण कायद्यात दरोड्याला पाच किंवा अधिक माणसं लागतात. चौघांनी केली तर ती जबरी चोरी. मतात दरोडाच लिहा, फक्त सिनेमातला इन्स्पेक्टर कलम सांगू लागला की माणसं मोजा.

पडद्यावर ‘सत्यघटनेवर आधारित’ आलं की घटनेची तारीख आणि गाव शोधा आणि सिनेमाने काय ठेवलं ते पाहा. सिडनी लुमेटचा ‘डॉग डे आफ्टरनून’ (१९७५) ब्रुकलिनमधल्या २२ ऑगस्ट १९७२ च्या घटनेवर आहे. सुरुवातीच्या गाण्यानंतर त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, आणि बातमीसारखा खरेपणा बराचसा तिथूनच येतो. अशी एक नेमकी गोष्ट सापडली तर ‘वास्तववादी’ हा शब्द लिहावाच लागत नाही.

लिहायला बसलात की साडेतीनशे शब्दांची मर्यादा घाला. कथानकाला साठ, आणि तेही पहिल्या पाव भागापलीकडे जायचं नाही. बेत आणि माहितीची लपवाछपवी याला दीडशे. उरलेल्यात नट, आवाज, संकलन यांतलं जे खरोखर जाणवलं तेवढंच. सगळ्यांना हजेरी लावायची गरज नाही. ‘खिळवून ठेवणारा’, ‘उत्कंठावर्धक’ हे शब्द खोडा आणि जागी प्रसंग लिहा. तारे द्यायचे तर शेवटी द्या, नाहीतर मजकूर ताऱ्यांची वकिली करू लागतो.

स्पॉयलरचा इशारा देऊन शेवट फोडणं हे सोपं काम. इशारा न देता फुटतो तो जास्त घातक. ‘शेवटचा धक्का जबरदस्त’ एवढं वाचूनही माणूस दोन तास धक्क्याची वाट पाहत बसतो. ‘अमुक नटाची भूमिका दिसते तशी नाही’ हे तर सरळ चोराचं नाव सांगणं झालं. म्हणून मजकूर आधी सिनेमा न पाहिलेल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, पैसे कोणाच्या हाती लागतील? बरोबर उत्तर आलं, तर कुठल्या वाक्यावरून ओळखलं ते विचारून ते वाक्य काढून टाका.